डावं बोंड

८ डिसेंबर २०२४, रविवार. ब्राह्मणपुरी, ता. शहादा

पोचलो एकदाचा! कऱ्हाडहून निघालेल्या माणसाचं शहाद्याला येईपर्यंत कंबरडं मोडतं, पण मन आज ताजंतवानं आहे. नवी नोकरी, नवं गाव आणि खिशात नवी इअरफोन. माणसाला आणखी काय हवं?

फाट्यावर बसथांबा म्हणून जे काही आहे ती ओढ्यावरची मोरी. तिच्या कठड्यावर पाचसात जण बसले होते. मीही बॅग ठेवून टेकलो आणि कानात गाणं लावलं. थोड्या वेळानं बघतो तर सगळे उठून शेतात उतरलेले आणि मी एकटाच मखरातल्या गणपतीसारखा बसलेला. तेवढ्यात एका उंच गृहस्थांनी माझा दंड धरून मला खाली ओढलं. मागून उसाचा ट्रॅक्टर गेला. त्याला दोन ट्रॉल्या होत्या, आणि मागची ट्रॉली वळणावर अशी झोकांडली की कठड्याला घासूनच गेली. ते गृहस्थ म्हणजे माझे घरमालक, हिंमतराव आप्पा. मलाच घ्यायला आले होते. "आठला नियमच शे, डॉक्टर," ते म्हणाले, "ट्रॅक्टरना आवाज उना का मोरीवरतीन उठानं." म्हणजे इथला नियमच, ट्रॅक्टरचा आवाज आला की मोरीवरून उठायचं. मग माझ्या कानांतल्या इअरफोनकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. नापसंत असावी. जुन्या माणसांना असतेच.

मी डॉक्टर नाही, हे त्यांना दोनदा सांगितलं. मी ऑडिओलॉजिस्ट. कान किती ऐकतो ते मोजायचं आणि कमी ऐकत असेल तर श्रवणयंत्र बसवून द्यायचं, एवढंच माझं काम. एका संस्थेनं मला इथल्या शाळा आणि गावं तपासायला नेमलं आहे. तरी दिवेलागणीपर्यंत गावात 'कानना डॉक्टर उनात' असं झालेलंच होतं.

आप्पांच्या पत्नी निर्मलाबाई, मी त्यांना मावशी म्हणायचं ठरवलंय. कळण्याची भाकरी आणि शेवभाजी अशी वाढली की डोळ्यांतून पाणी आलं, निम्मं तिखटानं आणि निम्मं प्रेमानं. वरची खोली मला दिली आहे. दोन वर्षं बंद होती म्हणे, पण स्वच्छ आहे. एक खाट, एक टेबल, खाटेच्या उशाशी एक खुंटी. गंमत म्हणजे आरसा भिंतीवर नाही, टेबलावर आहे, तोही दाराकडे तोंड करून. खुर्चीत बसलं की आपला चेहरा दिसत नाही, पाठीमागचं दार दिसतं. मी तो माझ्या दाढीपुरता खिडकीकडे फिरवून घेतला.

९ डिसेंबर, सोमवार

आजपासून चार दिवस धडगावला शिबिरं आहेत. निघण्याआधी एक महत्त्वाचं काम केलं, ते इथं नोंदवून ठेवतो.

माझा प्लेअर म्हणजे मोबाइल नव्हे. नुसता गाणी ऐकायचा डबा आहे, तराजूच्या मापासारखा जड. त्यात गाणी अशी भरली आहेत की स्टुडिओत जे झालं त्यातलं काही म्हणजे काही गाळलेलं नाही. गाणारीनं पहिल्या शब्दाआधी घेतलेला श्वाससुद्धा ऐकू येतो. त्या श्वासासाठी मी महिनेच्या महिने चहा सोडला होता. किंमत आईला अजून सांगितलेली नाही.

आता आमच्यासारख्या कानवेड्यांचा एक रिवाज आहे. नवी इअरफोन लगेच मन लावून ऐकायची नाही. आधी ती शंभर तास आपली आपण वाजू द्यायची, लोणच्यासारखी मुरू द्यायची. मग आवाज खुलतो म्हणतात. यात शास्त्र काही नाही, हे मी स्वतः पेशंटना सांगतो. पण रिवाज तो रिवाज. म्हणून प्लेअर चार्जरला लावला, आवाज चाळीसवर ठेवला, इअरफोन उशाशी खुंटीला टांगली आणि दाराला कुलूप घातलं. मावशींनी विचारलं, हाई काय, कपाशीना बोंडं का? मी म्हटलं, हो मावशी, गाणारी बोंडं. त्या हसल्या नाहीत. रिकाम्या खोलीत कोण ऐकणार, एवढंच विचारलं.

१३ डिसेंबर, शुक्रवार

धडगावकडे मजा आली. सोनीबाई नावाच्या म्हाताऱ्या आजींनी यंत्र कानात बसताच कोंबड्याला शिव्या घातल्या, इतका कसा ओरडतो म्हणून. नंतर पूर्ण पाड्यात मिरवून आल्या. इकडे सपाटीवर उलटं आहे. लोक यंत्र केसांखाली लपवतात.

खोली उघडली तर इअरफोन खुंटीला नव्हती. उशीवर होती, दोन्ही बोंडं शेजारीशेजारी. वाऱ्यानं पडली असतील असं धरून चालू. पण प्लेअरचा आवाज चाळीसवर ठेवला होता तो एकशेवीसवर गेलेला, म्हणजे शेवटच्या टोकाला. किल्ली चारही दिवस माझ्या खिशात होती.

आणि डाव्या बोंडाच्या रबरावर मळ होता. कानातला, ओला. मी तर ती अजून धड वापरलेलीही नाही.

१५ डिसेंबर, रविवार

काल दत्तजयंती. आप्पा मला सारंगखेड्याच्या यात्रेला घेऊन गेले, घोडे दाखवले, जिलबी चारली. इतका मायाळू माणूस की मला परकं वाटू देत नाही. मळाचं मनातून काढून टाकलं. दुकानदारानं वापरलेला माल गळ्यात मारला असेल, दुसरं काय.

आज दुपारी निवांत ऐकलं. उजवं बोंड स्वर्ग. डावं जरा दबलेलं वाटतं. आणि एका गाण्याच्या सुरुवातीला गाणारीचा तो श्वास आला, पाठोपाठ डावीकडून आणखी एक आला. जरा उशिरा, कुणी तिची नक्कल करावी तसा. हे गाणं मी शंभरदा तरी ऐकलं असेल. त्यात दुसरा श्वास नव्हता.

१९ डिसेंबर, गुरुवार

डावं बोंड बिघडलं म्हणून डावं उजवीकडे लावून पाहिलं. चांगलं वाजतं. उजवं डावीकडे लावलं, तर तेही दबलेलं. म्हणजे बोंडात खोट नाही, माझ्याच कानात आहे.

कान तपासायचं माझं मशीन स्वतःलाच लावलं. डावा कान पहिल्यापेक्षा पुष्कळ खाली गेलाय. असं अचानक झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, असं मी लोकांना घसा कोरडा करून सांगतो. स्वतःच्या बाबतीत मात्र मशीनचं कॅलिब्रेशन गेलं असेल म्हणालो आणि जेवायला खाली गेलो. दिव्याखाली अंधार.

प्लेअर पुन्हा एकशेवीसवर होता. इतका आवाज कोण लावतं हे मला माझ्या धंद्यामुळे ठाऊक आहे. ज्याला ऐकू येत नाही तो लावतो.

२२ डिसेंबर, रविवार

मावशींना सरळच विचारलं, वरच्या खोलीत पूर्वी कोण राहायचं. त्या चुलीपुढं बसल्या होत्या, उठल्या नाहीत. भाकरी करपली तरी उलटली नाही.

त्यांची एकुलती मुलगी हेमांगी. सहाव्या वर्षी तापात दोन्ही कान गेले. ओठ बघून बोलणं ओळखायची, त्यामुळे नवख्या माणसाला कळायचंही नाही. कुणी मागून आलेलं समजावं म्हणून आरसा दाराकडे करून बसायची. एका शिबिरात तिला श्रवणयंत्र मिळालं. आप्पांनी ते कपाटात कुलूपबंद केलं. कानाला मशीन दिसलं तर सोयरीक कोण करणार? लगीन झालं की लाव, म्हणाले. ती मागत राहिली आणि ते थांब म्हणत राहिले. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत तिला बघायला पाहुणे यायचे होते. नवी साडी नेसून ती मोरीवर आईची वाट बघत बसली होती. मावशी शहाद्याहून पेढे घेऊन येत होत्या. ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवत आला. सगळे उठले. ती नाही उठली.

"मन्ही पोरले एकबी गाणं ऐकू उनं नही, भाऊ," मावशी म्हणाल्या. "मशीन कपाटमाच पडेल ऱ्हायनं."

वर जाऊन आरसा होता तसा दाराकडे फिरवून ठेवला. खरं सांगतो, भीती वाटली नाही. शंभर तास मी तिच्या खोलीत, तिच्या उशाशी गाणी लावून ठेवली होती. उपाशी माणसाच्या नाकाशी ताट ठेवावं तशी.

म्हणून दुपारी एक गोष्ट मुद्दाम केली. खाटेच्या उजव्या कडेला बसलो, उजवं बोंड कानात घातलं आणि डावं शेजारी उशीवर ठेवलं. एकाच इअरफोनवर दोघं ऐकतात ना, तसं. तिसऱ्या गाण्याला वायर हळूच ताणली गेली. डावं बोंड उशीवरून वर उचललं गेलं आणि तिथंच राहिलं, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर.

पूर्ण गाणं संपेपर्यंत मी हललो नाही. तिलाही हलायचं नसावं.

२६ डिसेंबर, गुरुवार

आता डाव्या कानानं काही ऐकू येत नाही. काही म्हणजे काहीच.

मावशींकडे हेमांगीची जुनी फाइल होती. तीत तिच्या तपासणीचा आलेख आहे. डाव्या कानासाठी आम्ही निळ्या फुल्या काढतो, उजव्यासाठी लाल गोल. आज सकाळी काढलेला माझा आलेख तिच्या आलेखावर ठेवून खिडकीच्या उजेडात धरला. निळ्या फुल्या एकीवर एक बसल्या. सगळ्या. शेवटी तिची रेघ थोडी वर जाते, तिथं माझीही जाते.

दोन माणसांचे असे आलेख जुळत नाहीत. नऊ वर्षं हेच करतोय मी.

अजून उजवा आहे. उजवा मी देणार नाही. कान गेला तर माझं कामही गेलं आणि गाणंही गेलं, मग उरतो काय मी? प्लेअर बॅगेत घालून कुलूप लावलं.

२८ डिसेंबर, शनिवार

प्लेअर बाहेर काढला. दोन दिवस गाण्याशिवाय राहवलं नाही. लाज वाटते लिहायला. फक्त उजवं बोंड घातलं, डाव्याला कापसाचा बोळा गुंडाळून ठेवला.

बोळा उशीवर सोडवून ठेवलेला सापडला. नीट घडी घालून.

३० डिसेंबर, सोमवार

आज शाळेत आप्पांची पुतणी चेतना तपासली. बारावीला आहे. दोन्ही कानांनी बरंच कमी ऐकते, यंत्राशिवाय भागणार नाही. घराण्यातच असावं. हेमांगीच्या तापाला उगाच बोल लावला म्हणायचा.

संध्याकाळी आप्पा माझ्यासमोर येऊन बसले. हात जोडले. "पोरनं लगीन ठरेल शे, डॉक्टर. तिना कान चांगला शेतस अशे लिखी द्या. मशीन मांगतीन लाईसूत." मशीन मागाहून लावू. हेच ते हेमांगीलाही म्हणाले होते. मी नाही म्हटलं. ते उठलेच नाहीत. त्यांच्या घरी जेवतो, यात्रेत जिलबी खाल्ली, मोरीवरून त्यांनीच मला ओढलं होतं. शेवटी लिहिलं. 'दोन्ही कान सामान्य.' सही केली. शिक्काही मारला.

वर आलो. आरशात दार दिसत होतं. दार उघडं होतं. मी लावून घेतलं होतं.

३१ डिसेंबर, मंगळवार

उजवा गेला.

सकाळी उठलो तर कबुतरं चोच हलवत होती आणि आवाज नव्हता. भांडं जमिनीवर आपटलं. नाही. ओरडलो. मावशी धावत वर आल्या, म्हणजे ओरडलो असणार.

लाल गोल पण जुळले.

२ जानेवारी २०२५, गुरुवार

नंदुरबारच्या डॉक्टरांनी औषध दिलं, उशीर केलात असं लिहून दिलं. धुळ्याला जायला सांगितलंय. गुरुवारी आठ दिवसांनी तारीख.

माणसं आता माझ्याशी याच वहीत लिहून बोलतात. मावशींनी मागच्या पानावर लिहिलंय, जेवून घ्या. अक्षर शाळकरी मुलीसारखं.

प्लेअर चालू असतो. आकडे पळतात, गाणी बदलतात. मी बोंडं घातली तर नुसती माझ्या कानाची धडधड, तीसुद्धा हाडातून. मी काढून ठेवली की दोन्ही बोंडं वर उचलली जातात. दोन्ही. मध्ये डोक्याएवढी जागा. कधी ती जागा डोलते.

ती ऐकतेय. माझ्या कानांनी ऐक—

४ जानेवारी, शनिवार

आरशाशिवाय बसता येत नाही. कोण येतं कळत नाही. पाठ भिंतीला लावून जेवतो. रस्त्यावर दर चार पावलांना मागे बघतो.

तिनं अशी पंधरा वर्षं काढली.

६ जानेवारी, सोमवार

प्लेअर ओढ्यात टाकायला निघालो. मोरीपर्यंत गेलो. हात वर केला आणि टाकवला नाही. भीतीनं नाही. माझाच तो— इतकी गाणी—

परत घेऊन आलो. मूर्ख.

मग कळलं. तिला प्लेअर नको होता. शिक्का मारला त्या रात्री उजवा गेला. त्याच रात्री.

७ जानेवारी, मंगळवार

आप्पांपुढं वही ठेवली. लिहिलं, चेतनाच्या कागदावर मी खोटं लिहिलंय, आज बदलतोय. त्यांचे ओठ बराच वेळ हलले. मी वाचले नाहीत, खाली बघत राहिलो. आता हे एक बरं आहे.

मावशी उठल्या. त्यांनी आप्पांच्या कंबरेची किल्ली ओढून काढली. कपाट उघडलं, स्टीलच्या डबीतून हेमांगीचं यंत्र काढलं आणि माझ्या हातात ठेवलं. आप्पांनी पागोटं काढून त्यात तोंड घातलं. त्यांचे खांदे हलत होते.

नवा सेल घातला. चेतनाच्या आलेखाप्रमाणे यंत्र लावून दिलं. मला स्वतःला ऐकू येत नाही आणि दुसऱ्याचा कान सुरू करतोय! तिनं वहीत लिहिलं, 'दादा, बांगड्या वाजतात हे मला माहीतच नव्हतं.' मी रडलो. सगळ्यांसमोर.

सोयरीक मोडेल कदाचित. मोडू दे.

८ जानेवारी, बुधवार

वाटलं होतं आज परत येईल ऐकू. नाही आलं.

काल तिचं देणं दिलं ना? अजून काय—

बोंडं आज दिवसभर खुंटीला स्थिर होती. पहिल्यांदाच. ती गेली असेल, नाहीतर नुसती बसून असेल.

९ जानेवारी, गुरुवार. सकाळी, फाटा

धुळ्याची गाडी साडेनऊची. मोरीवर बसलोय. बाकीचे आधीच्या गाडीनं गेले, मी एकटाच. ऊन डोळ्यांवर येतं म्हणून शेताकडे तोंड केलंय, रस्त्याकडे पाठ. आप्पा सोडायला येत होते, मी नको म्हटलं. आरसा तेवढा बॅगेत घ्यायला हवा होता.

प्लेअर बरोबर आणलाय. हसा. धुळ्याला कान बरे झाले तर पहिलं काही ऐकायला नको का? वायर बॅगेतून बाहेर आलीय, डावं बोंड माझ्या शेजारी आहे. कठड्यावर नाही. वर, कानाच्या उंचीला.

म्हणजे ती आलीय. बस गं. आज भीती वाटत नाही.

कपाशीच्या पलीकडच्या बांधावर चेतना दिसतेय. सरपण वेचत होती. एकदम थांबली, मान वर केली. काहीतरी ऐकलं तिनं! एवढ्या लांबून! यंत्र काम करतंय. मी हात हलवला.

तीही हलवतेय. दोन्ही हात. सरपण टाकलं. पळत येतेय इकडे, तोंड केवढं मोठं उघडलंय. माझ्याकडे नाही, माझ्या मागे बघ

कठडा थरथरतोय, की माझा हात

डावीकडून वायर ओढतेय. शेताकडे. जोरात. थांब गं हेमांगी, एवढं वाक्य लिहू